बघते, बघू आणि होल्ड

इंग्रजी बोलीत ‘विशी-वॉशी’ असं एक विशेषण आहे. ज्याचं काही ठरत नाही, ठरलं तर टिकत नाही आणि विचारलं तर जो धड सांगत नाही, अशा माणसाला ते लावतात. त्याच्या बोलण्याला, पत्राला, धोरणालाही लावतात. मूळचा अर्थ पाण्याशी निगडित. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज माणूस पातळ, बेचव पदार्थाला असं म्हणत आला आणि पुढं तोच शेरा माणसांवर मारू लागला. आपण ताकाला पाणचट म्हणतो आणि विनोदालाही, तशातली गत. विशी-वॉशी माणूस दुष्ट नसतो, लबाडही असेलच असं नाही. त्याच्यात पाणी जास्त झालेलं असतं, एवढंच.

हा शब्द नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात ई-मेलमधून येऊन पडला आणि त्यावरून मामा-भाचीत जुंपली. भाची मेकॅनिकल डिप्लोमावाली. दोन सीएनसी लेथ, एक सेंटरलेस ग्राइंडर, मोजकी माणसं. गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारी मधली कंपनी. मामा त्र्यंबक रोडवरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये. बॉशला अजून मायकोच म्हणणाऱ्या पिढीतले. घरी करमत नाही म्हणून अधूनमधून गाळ्यावर येतात, गेज पुसून ठेवतात, चहा पितात आणि न विचारता सल्ला देतात. मी माझ्या कामासाठी तिथं बसलो होतो, ते काम राहिलं बाजूला.

घडलं होतं ते साधंच. गिऱ्हाइकाच्या परचेसमधल्या मुलानं विचारलं होतं, बुशचा पुढचा लॉट शुक्रवारी निघेल का. भाचीनं इंग्रजीत कळवलं : शुक्रवारी पाठवायचा प्रयत्न करू, कदाचित शनिवार होईल, हीट ट्रीटमेंटवर अवलंबून आहे, बघून सांगते. उलट टपाली आलं : कृपया विशी-वॉशी उत्तरं देऊ नका.

भाची : त्याची स्वतःची विशी अजून सरली नाही, आणि मला विशी-वॉशी म्हणतोय.

मामा : वय राहू दे. मुलगा बरोबर आहे. त्यानं वार विचारला. तू त्याला दोन वार दिलेस आणि वर ‘बघते’ दिलंस. त्याला पुढं लाइनवाल्यांना सांगायचंय. त्यानं काय सांगायचं?

भाची : मामा, हीट ट्रीटमेंटवाला काय म्हणतो ते तुम्हाला माहितीये. ‘ताई, भट्टी भरली की लावतो.’ माझ्या दोन क्रेटसाठी तो भट्टी पेटवणार आहे का? दुसऱ्यांचा माल येईपर्यंत माझा तिथं बसून. मी ठोकून शुक्रवार सांगितला असता आणि माल सोमवारी गेला असता, तर मग काय म्हणाला असता?

मामा : थापाडी म्हणाला असता.

भाची : मग? खरं सांगितलं तर पाणचट, ठोकून दिलं तर थापाडी.

मामा : खरं सांगितलंस, पण निम्मंच. भट्टीवाला बुधवारी चारपर्यंत सांगणार होता, हे तुला ठाऊक होतं की नाही? मग तेच लिहायचं. ‘बुधवारी चारला पक्का वार कळवते.’ तुझं ठरलेलं नव्हतं, कबूल. पण कधी ठरणार ते ठरलेलं होतं. नेमकं तेच गिळलंस.

यावर भाची गप्प झाली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण ती गप्प बसणाऱ्यांतली नाही.

भाची : आणि बुधवारी चारला त्यानं फोनच उचलला नाही तर?

मामा : तर चारला कळवायचं, की उचलला नाही.

मामांचा हा काटेकोरपणा गेजमधून आलेला आहे. ज्यांनी प्लग गेज पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हातात मावेल असा दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना घासून चकचकीत केलेले दोन दंडगोल. लांब टोक ‘गो’. ते भोकात जोर न लावता, आपल्या वजनानं उतरलं पाहिजे. आखूड टोक ‘नो गो’, त्याच्या बाजूला लाल खूण. ते आत शिरता कामा नये. गो टोक लांब ठेवतात, कारण दर नगात तेच शिरतं आणि तेच झिजतं. लांब टोक उतरलं आणि आखूड अडलं की माल पास, बाकी काहीही झालं तरी नापास. आकडा वाचायचा नाही, मत द्यायचं नाही. विल्यम टेलर नावाच्या इंग्रज कारखानदारानं १९०५ साली या तत्त्वाचं पेटंट घेतलं. त्याला शंभरावर वर्षं झाली, तरी सातपूर-अंबडच्या गाळ्यांतल्या टेबलांवर हे गेज आजही पडलेलं असतं. ज्यानं सगळी नोकरी दिवसातून शेकडो वेळा हो किंवा नाही म्हणण्यात घालवली, त्याला ‘कदाचित शनिवार’ खुपणारच.

भाचीनं टेबलावरचं तेच गेज उचललं.

भाची : बरं. तुमचं गो–नो गो मला मान्य. मग माझा मागचा लॉट काय आहे? गो का नो गो? पिवळं कार्ड लावून त्यांच्याकडे पडलाय. फोन केला की ‘क्वालिटी बघतेय’. पुन्हा केला की ‘मॅडम, अंडर रिव्ह्यू आहे’. बिल त्याच्यामागं अडकलंय. मी एकदा ‘बघते’ म्हटलं तर मला शब्द ऐकवला. त्यांचा अख्खा विभाग बघत बसलाय, त्याला काय म्हणायचं?

मामा : होल्ड.

भाची : वा! साहेबानं बघितलं की होल्ड, मी बघितलं की विशी-वॉशी.

मामा : थांब, थांब. होल्डला नावं ठेवू नकोस. होल्ड ही चेष्टा नाही.

आणि मामांनी एका जुन्या चलनाच्या पाठीवर आकडे मांडायला घेतले. बुशचा बाहेरचा व्यास १२ मिलिमीटर, ड्रॉइंगवर सूट १८ मायक्रॉनची, तीही खालच्या बाजूनं. म्हणजे नग १२.००० पासून ११.९८२ पर्यंत चालेल. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्याच्या पाव हिश्श्याएवढी ही जागा. भाचीच्या गाळ्यात नग भरला ११.९८३. गिऱ्हाइकाच्या प्रयोगशाळेत तोच नग भरला ११.९८१.

मामा : आता खरं कोण?

भाची : मी. माझा मायक्रोमीटर कॅलिब्रेट केलेला आहे, सर्टिफिकेट आहे.

मामा : त्यांचाही आहे. पण चांगला डिजिटल मायक्रोमीटर घेतलास तरी त्याची स्वतःची चूक दोन मायक्रॉन इकडे किंवा तिकडे. पडद्यावर तिसरा दशांश दिसतो म्हणून तो खरा मानायचा नसतो. आणि तुझा पोऱ्या नग कधी मोजतो? ग्राइंडरवरून काढला की लगेच. गरम. लोखंड तापलं की फुगतं. बारा मिलिमीटरच्या नगात आणि मायक्रोमीटरमध्ये पंधरा-वीस अंशांचा फरक असला की दोन-अडीच मायक्रॉन जास्त दाखवतं. तिकडे त्यांनी एसीच्या खोलीत, वीस अंशांवर, नग रात्रभर ठेवून मोजला असणार. तू खोटं बोलत नाहीस आणि तेही नाहीत.

भाची : मग पास का नापास?

मामा : सांगता येत नाही.

भाची : तुम्ही हे म्हणताय?

मामा : मीच म्हणतोय. आणि मी एकटा नाही. आयएसओचं १४२५३ नावाचं मानक आहे, १९९८ सालचं. त्यात सरळ लिहिलंय. विकणाऱ्याला ‘पास’ म्हणायचं असेल, तर मोजमापाची शंका वजा करूनही आकडा हद्दीच्या आत पाहिजे. घेणाऱ्याला ‘नापास’ म्हणायचं असेल, तर शंका धरूनही आकडा हद्दीच्या बाहेर पाहिजे. मधल्या पट्ट्यात पडला की तुला पास सिद्ध करता येत नाही आणि त्यांना नापास. तुझा लॉट त्या पट्ट्यात आहे. तिथं जो माणूस छाती ठोकून हो किंवा नाही म्हणतो, त्याला इन्स्पेक्टर म्हणत नाहीत.

मला हा भाग फार आवडला. गो–नो गोवाला माणूस ‘सांगता येत नाही’ हे तितक्याच ठामपणे म्हणत होता. पुढं त्यांनी सांगितलं, की नोकरीत सगळ्यात जास्त शिव्या याच उत्तरासाठी खाल्ल्या. महिनाअखेर आली की प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसायचे : हो म्हण, नाहीतर नाही म्हण, पण होल्ड लावू नकोस. त्यांच्या लेखी मामाही धरसोड करणारेच.

भाची : म्हणजे तुम्हीही विशी-वॉशी.

मामा : अजिबात नाही. होल्डच्या कार्डावर काय काय असतं? पार्ट नंबर, नग किती, कारण काय, कोणी लावलं, कोणत्या तारखेला लावलं, निर्णय कोण देणार आणि कधी. खाली सही. मी ‘माहीत नाही’ म्हणायचो, पण सही करून म्हणायचो. पुन्हा मोजायचं, दुसऱ्या इन्स्ट्रुमेंटवर मोजायचं, नाहीतर डिझाइनवाल्याला विचारायचं की एक मायक्रॉननं तुझं काय बिघडतं. तो म्हणाला काही नाही, की डेव्हिएशन नोट काढायची आणि माल सोडायचा.

भाचीनं फोन काढला. तिच्या टेम्पोवाल्यानं गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधून त्या कार्डाचा फोटो पाठवला होता. मामांनी चष्मा वर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द : डायमेन्शन. तारीख नाही. निर्णय कोण देणार, ती चौकट कोरी. सहीच्या जागी पेनचा एक फराटा, तो सही होता की पेन चालतंय का ते पाहिलं होतं, कळायला मार्ग नव्हता.

मामा : याला होल्ड नाही म्हणत. हा नुसता पिवळा पुठ्ठा आहे.

न ठरणं हा दोष आहे का, यावर साहित्यात पुष्कळ आधीच निकाल लागलेला आहे, आणि तो ‘नाही’ असा आहे. आगरकरांसारखा सडेतोड माणूस मराठीत दुसरा दाखवणं कठीण. पटलं नाही म्हणून १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढलं. त्याच माणसानं १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावानं ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं. जगातला सगळ्यात प्रसिद्ध अनिश्चयी नायक एका अत्यंत निश्चयी माणसाला मराठीत आणावासा वाटला. आमच्या नाशिकच्याच कुसुमाग्रजांनी १९७० मध्ये ‘नटसम्राट’मध्ये तोच पेच गणपतराव बेलवलकरांच्या तोंडी घातला आणि त्या स्वगताला थिएटरं दाद देत आली. प्रेक्षकांतल्या कोणाला तो माणूस पाणचट वाटत नाही, कारण त्याची घालमेल त्यानं आपल्यापुढं उघडी ठेवलेली असते. इंग्रजीतही हे विशेषण हॅम्लेटला सहसा चिकटत नाही. ते चिकटलंय चार्ली ब्राउनला, ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतल्या मुलाला. ल्युसी नावाची मुलगी त्याला हे ऐकवत राहते, आणि त्या बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की त्याला कोणाला दुखवायचं नसतं.

कोणाला दुखवायचं नाही! आपल्याकडचे निम्मे ‘बघू’ या खात्यात जमा होतात. पण भाचीचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते जास्त पटलं.

भाची : एक सांगा मामा. तुमच्या सगळ्या नोकरीत मॅनेजरला कोणी विशी-वॉशी म्हटलं?

मामा : तोंडावर नाही. कँटीनमध्ये म्हणायचो. मराठीत. आणि शब्द वेगळा होता.

भाची : तेच तर. हा शब्द वरून खाली येतो, खालून वर जात नाही. आमच्या यांनी फोनवर ‘बघतो’ म्हटलं की समोरचा म्हणतो, ‘बघा साहेब, तुमच्यावर सोडलं.’ मी ‘बघते’ म्हटलं की, ‘मॅडम, नक्की काय ते सांगा, नाहीतर सरांना फोन द्या.’ आणि ठणकावून सांगितलं, तर मॅडम जरा तापट आहेत. म्हणजे मऊ बोलले तरी माझं चुकलं, कडक बोलले तरी माझंच.

मामा : हे खरं आहे. नाही म्हणत नाही. पण म्हणून गुळमुळीत लिहायचं?

भाची : इंग्रजीत लिहिलं म्हणून गुळमुळीत झालं! मराठीत मी काय म्हटलं असतं? ‘भट्टी लागली तर शुक्रवार, नाही लागली तर शनिवार, त्यापुढं जाऊ देत नाही.’ झालं. इंग्रजीत लिहायला बसलं की हात आखडतो. मग ‘ट्राय’ घाला, ‘मे बी’ घाला, ‘होपफुली’ घाला. व्याकरण चुकलं तरी माणूस नम्र दिसतो. आम्हाला कोणी शिकवलंय दुसरं?

त्या दुपारी बोलल्या गेलेल्या सगळ्यांत हे मला सर्वांत खरं वाटलं. सातपूरच्या आयटीआयमधून, आसपासच्या पॉलिटेक्निकांतून निघालेली मुलं मशिनवर बोटं ठेवून सांगतील की टूल घासलंय. हात, कान, अंदाज, सगळं पक्कं. तीच मुलं ग्राहकाच्या बैठकीत इंग्रजीत बोलायला लागली की प्रत्येक वाक्याला दोन-दोन टेकू लावतात. समोरच्याला ऐकू येते ती अनिश्चितता, आणि असते ती फक्त भाषेची भीती. त्या मुलांच्या वार्षिक मूल्यमापनात मग ‘निर्णयक्षमता कमी’ असा शेरा पडतो. माझं स्पष्ट मत आहे, की असे शेरे लिहिणाऱ्या साहेबांनी आधी त्या मुलाला तोच प्रश्न मराठीत विचारून पाहावा. या प्रकरणातला परचेसवाला मुलगाही मराठीच. दोन मराठी माणसं एकमेकांना इंग्रजीत मेल करून एकमेकांच्या निश्चयाची परीक्षा घेत होती.

मामांना हे एवढं पटलं नाही.

मामा : इंग्रजीवर ढकलू नकोस. दिवाळीत चार दिवस राहायला येतेस का विचारलं, तर मराठीत ‘बघू’ म्हणाली होतीस.

भाची : तो नकार होता, मामा.

मामा : ते मला कळलं होतं.

हीच तर आपली गंमत आहे. जेवायला बोलावलं की ‘जमवू’, उसने पैसे मागितले की ‘बघतो’, स्थळ दाखवून आलं की ‘कळवतो’. मराठी माणसाला यातलं काय नाही आणि काय होऊ शकतं ते बरोबर उमगतं. हे गुळमुळीत बोलणं नव्हे, ठरलेलं बोलणं आहे. नातं राखून दिलेला नकार. अडचण तेव्हा होते, जेव्हा नात्यातली ही भाषा धंद्यात येते, आणि त्याहून मोठी तेव्हा, जेव्हा ती सरकारात जाते.

सरकार आलं नाही तर तो नाशिककरांचा संवादच नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या ‘मेट्रो निओ’साठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. रुळांऐवजी रबरी टायरवर, वरच्या तारेतून वीज घेऊन धावणारी गाडी, देशात पहिली, असा गाजावाजा झाला. सातपूरकरांना वाटलं, त्र्यंबक रोडची कोंडी सुटली. पुढं सिंहस्थ तोंडावर आला, तरी एक खांब उभा राहिला नाही. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेचंही तसंच. मार्ग आखला गेला, जमिनीची मोजणी-खरेदी सुरू झाली, आणि मग नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आड आली. गाडीच्या विजेच्या लहरींनी आकाशातले मंद संदेश बुजतात, अशी हरकत निघाली. रेल्वेमंत्र्यांनी नंतर शिर्डीकडून वळसा घालणारा मार्ग पुढं केला. संगमनेर, जुन्नरच्या लोकांना तो मान्य नाही. गावागावांत दोन्ही बाजूंनी आंदोलनांची भाषा सुरू झाली.

मामा : पण बघ, रेल्वेच्या कार्डावर कारण तरी लिहिलंय. दुर्बीण. आपण भांडू शकतो त्याच्याशी. मेट्रोच्या कार्डावर काय लिहिलंय?

भाची : डायमेन्शन.

दोघंही मनापासून हसली. मग चहा आला, आणि भाची पुन्हा आपल्या अडकलेल्या बिलावर आली. मी विचारलं, कायदा काही म्हणत नाही का?

भाची : कायदा सगळं म्हणतो. उद्यम नोंदणी आहे माझी. पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते, ऑनलाइन. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली. मग करायची का नाही? बघते!

यावेळी मामांनी त्या ‘बघते’ला काही म्हटलं नाही.

तिला माहीत नसलेली गोष्ट त्याच कायद्यात आहे, आणि या लेखाच्या विषयाला तिच्याइतकं चपखल उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. २००६ सालचा सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा ‘स्वीकृती’ची व्याख्या करतो. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांच्या आत घेणाऱ्यानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं मानलं जातं. हरकत घेतली, तर ती दूर होईल तो दिवस धरायचा. पण हरकत लेखी हवी. फोनवरचं ‘क्वालिटी बघतेय’ त्यात बसत नाही. म्हणजे संसदेनं घेणाऱ्याला विचार करायला पंधरा दिवस दिले आणि त्यानंतरच्या मौनाचा अर्थ ‘हो’ असा ठरवून टाकला. पंचेचाळीस दिवसही तिथून मोजायचे. २०२३ मध्ये प्राप्तिकराच्या कायद्यातही पाचर मारली गेली : सूक्ष्म आणि लघू उद्योगांची बिलं मुदतीत चुकवली नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून ते लागू झालं आणि त्या मार्चअखेरीला वसाहतीतल्या अनेक गाळ्यांना अचानक जुने पैसे मिळाले, असं तिथले लोक सांगतात. पंधरा दिवसांचं हे कलम मी दोघांना सांगितलं.

मामा : तक्रार करू नकोस. नुसती तारीख लिही.

भाची : म्हणजे?

मामा : माल अमुक तारखेला पोचला. त्यानंतर पंधरा दिवसांत तुमची लेखी हरकत मिळाली नाही. तुमचा मोजणी अहवाल असेल तर पाठवा, आम्ही समोर येऊन दोघांच्या इन्स्ट्रुमेंटवर मोजायला तयार आहोत. एवढंच. धमकी नाही, विनवणी नाही.

तिनं दोन्ही मेल त्याच बैठकीत लिहिले. आधी वहीत मराठीत, मग इंग्रजीत. ‘ट्राय’ आणि ‘होपफुली’ दोन्ही खोडले. परचेसच्या मुलाला लिहिलं, की बुधवारी चारला पक्का वार कळवेन, आणि काहीही झालं तरी शनिवारपुढं जाणार नाही. शेवटच्या भागावर मामा अडले. शनिवारची हमी तू कशाच्या जोरावर देतेस, भट्टीवाल्यानं दिली आहे का? तिनं सांगितलं, नाही दिली, पण शुक्रवारपर्यंत भट्टी नाही लागली तर मी अंबडला दुसऱ्याकडे जास्त पैसे देऊन करून घेईन. मामा म्हणाले, मग हे तुझं ठरलेलं होतंच की. ती म्हणाली, आत्ता ठरलं.

परचेसच्या मुलानं तासाभरात ‘नोटेड, थँक्स’ लिहून पाठवलं. माल शुक्रवारीच गेला. क्वालिटी विभागाचं उत्तर मी हे लिहीपर्यंत आलेलं नाही. ज्यांचा माल असाच कोणाच्या तरी पिवळ्या पुठ्ठ्याखाली पडून आहे, त्यांनी डिलिव्हरी चलनाची सही-शिक्क्याची पोच आजच शोधून ठेवावी. पंधरा दिवस तिच्यावरच्या तारखेपासून मोजतात.